नऊ इंची रिमवर ताणलेला मी

मी टायर बोलतोय. नाक मुरडू नका. रबराला वास येणारच, आणि तुमच्या अंगाला काय अत्तराचा येतो? ट्रकचा नव्हे, स्कूटरचा नव्हे, मी वेगवान गाडीचा टायर आहे. रुंद, मऊ रबराचा, वळणावर रस्ता सोडू नये म्हणून मुद्दाम घडवलेला. माणसांबद्दल चार शब्द चांगले बोलावेत असं खूप वाटतं, पण तोंडातून निघत नाहीत. जे पाहिलं ते सांगतो, मग तुम्हीच काय ते ठरवा.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या बगलेवर, म्हणजे बाजूच्या उभ्या भागावर, तीन आकडे उमटलेले होते. २२५, ४५, १८. पहिला आकडा माझी रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की माझी बगल त्या रुंदीच्या शेकडा पंचेचाळीस एवढी उंच आहे. आणि तिसरा म्हणजे ज्या लोखंडी-बिखंडी रिमवर मी बसणार तिचा व्यास, इंचांत. झालं. यात गूढ काही नाही. तुमच्या चपलेवर नंबर असतो ना, तसंच हे.

रिम किती रुंद हवी तेही कारखान्याच्या पुस्तकात छापलेलं होतं. माझ्यासाठी सात ते साडेआठ इंच. त्याहून अरुंद घेतली तर मी फुगतो, जास्त रुंद घेतली तर ताणला जातो. एवढी साधी गोष्ट. ती तरी माणसांनी वाचावी? नाव नको.

२०१८च्या दिवाळीनंतर आम्हा चौघा भावांना टेम्पोत घालून या शहरात आणलं. पावसानं त्या वर्षी मराठवाड्याकडे पाठ फिरवली होती. शहर मात्र चहूबाजूंनी वाढत होतं. जिकडं बघावं तिकडं प्लॉटच्या पाट्या, आणि पाट्यांच्या खाली भेगाळलेली जमीन. आम्ही उतरलो शहागंजात, मोतीरामशेठच्या दुकानात.

दुकानात मला माणसाच्या सवयी कळल्या. टायर बघायला आलेला प्रत्येक जण आधी लाथ मारतो. का, ते त्यालाही माहीत नसतं. लाथ मारायची, मान हलवायची, आणि "माल चांगलाय" म्हणायचं. एक जाडजूड गृहस्थ शेठजींशी मुलीच्या स्थळाबद्दल बोलता बोलता माझ्या अंगावर गुटख्याची पिंक टाकून गेले. शी! मागं वळूनही पाहिलं नाही. ती धुऊन काढायला फिटरनं अर्धा तांब्या पाणी घातलं. त्या वर्षी अर्धा तांब्या पाणी कुणी टायरवर घालत नव्हतं.

त्या फिटरचं नाव सांडू. फुलंब्रीकडचा. रोज सकाळी काळीपिवळी जीपमधून यायचा, दिवेलागणीला परत जायचा. वीस वर्षं याच फरशीवर उकिडवा बसून त्यानं टायर चढवले होते. गावाकडं थोडी जमीन होती, पण दोन वर्षं तिच्यात काही उगवलंच नव्हतं. बायको सरूबाई, दोन लेकरं आणि म्हातारी आई, सगळ्यांचं पोट या एका नोकरीवर. पण सांडूला नोकरीपेक्षाही एका गोष्टीचा अभिमान होता. "सांडूच्या हातचं चाक कधी दगा देत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि ते ऐकलं की हा मान खाली घालून हसायचा. त्याच्या हातांना ग्रीस असायचं, तरी तो हात अंगावर पडला की मला बरं वाटायचं.

फेब्रुवारीत देवेश आला. पुंडलिकनगरात राहणारा, वाळूजच्या एका कंपनीत इंजिनीअर, पस्तिशीचा. पुण्याहून त्यानं जुनी पण जोरकस गाडी आणली होती. तांबडी, टर्बो इंजिनाची, पेडलला नुसता पाय लागला की सुटायची. मूळचे टायर २०५चे होते, सोळा इंची रिमवर. ते त्याला बारीक वाटायचे.

"सगळ्यात रुंद कोणता बसेल?" त्यानं आल्या आल्या विचारलं. "मित्राच्या गाडीला दोनशे पस्तीस आहेत. मला त्याहून मोठे टाका."

"साहेब, रुंदी अशी डोळ्यानं नाय ठरत," सांडू म्हणाला. "जरा थांबा."

मग त्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. खिडकीच्या काचा बसवायला जी लांबी वापरतात, तिचा लिंबाएवढा गोळा त्यानं चाकाच्या वर, पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटवला. दुकानातली दोन वजनदार माणसं मागच्या सीटवर बसवली. गाडी दारातल्या खड्ड्यातून पुढं-मागं घ्यायला लावली, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं फिरवायला लावलं. मग गोळा काढून तो किती चेपलाय ते बोटानं मोजलं, म्हणजे चाक आणि पत्रा यांच्यात किती जागा उरते ते कळलं. असं चारही चाकांना केलं. तासभर गेला. देवेश आधी घड्याळ बघत होता, नंतर तोही शेजारी उकिडवा बसला.

"रुंदी दोनशे पंचवीस मजेत बसती," सांडू उठत म्हणाला. "पण रिम सतरा इंची घ्या, साडेसात इंच रुंदीची. दोनशे पंचवीस, पंचेचाळीस, सतरा. चाकाची उंची कंपनीनं दिली तेवढीच ऱ्हाती. पत्र्याला लागत नाय, आन् वळणावर गाडी अशी धरून ऱ्हाती की बास."

म्हणजे मी नाही. माझा सतरावाला भाऊ पलीकडच्या रॅकवर होता, त्याचा नंबर लागला. मला काही वाईट वाटलं नाही. आपलं माप ओळखणारा माणूस भेटला याचाच आनंद होता. देवेशही खूश झाला. "वा सांडूभाऊ, असं कुणी समजावून सांगत नाही हो," म्हणाला. "उद्या बाबांना घेऊन येतो. ते दिवस चांगला आहे का बघतील, मग बसवून टाकू."

आणि दुसऱ्या दिवशी बाबा आले. वैजनाथकाका. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. घरातली भिक्षुकी त्यांच्या वडलांबरोबर संपली होती, पण काकांनी अंकशास्त्राची पुस्तकं वाचून नवा संसार मांडला होता. गल्लीत कुणाला मोबाइलचा नंबर घ्यायचा असो की गाडीचा, काका आकड्यांची बेरीज करून सांगत. पैसे घेत नसत. मान मात्र मोजून घेत.

त्यांनी चष्मा वर करून सतरावाल्याचे आकडे वाचले, आणि विंचू दिसावा तसे मागं सरकले.

"सतरा? एक आणि सात, आठ! आठ म्हणजे शनी. देवेश, तू पैसे देऊन गाडीला शनी लावून घेणार?"

"बाबा, ते माप आहे हो नुसतं."

"आकडा नुसता नसतो." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. बोट लावून लावून त्यांनी माझ्या बेरजा केल्या. "दोन, दोन, पाच. नऊ. चार, पाच. नऊ. एक, आठ. नऊ! अहाहा! सगळीकडं मंगळ. वेगाचा ग्रह आहे तो. आपल्या गाडीच्या नंबराची बेरीज नऊ, तुझी जन्मतारीख अठरा. हा टायर तुझ्यासाठीच जन्माला आलाय. शेठ, याला रिम किती रुंद?"

मोतीरामशेठ गल्ल्यावरून लगबगीनं उतरले. नऊ इंची रिमांचा एक संच दोन वर्षं त्यांच्या माळ्यावर धूळ खात पडला होता. "काका, योग बघा कसा," ते म्हणाले. "नऊ इंचीच आहे आपल्याकडं!"



"शेठ, नाय जमायचं," सांडू पुढं आला. "काका, ह्यो टायर साडेआठच्या वर जात नाय. नऊवर ताणला जाईल, काठ रिमवरनं कवाबी सुटंल. आन् अठराचं हे चाक आताच्यापेक्षा बोटभर वर येतंय. गाडीत वजन पडलं की पत्र्याला घासणार. कालच म्या साहेबांना सगळं मोजून दाखवलंय."

"तुला काय कळतंय रे अंकातलं?"

"अंकातलं नाय कळत, काका. चाकातलं कळतं."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. देवेशनं सांडूकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, मग मोबाइल काढून उगाच त्यात पाहिलं. शिकलेला इंजिनीअर! काल फरशीवर बसून त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी ते गोळे बघितले होते. "जाऊ दे सांडूभाऊ," तो म्हणाला. "बाबांचं मन कशाला मोडायचं? आणि दिसतीलही भारी."

"गिऱ्हाईक म्हणतंय ते बसव," शेठ म्हणाले.

"बसवतो शेठ. पण म्या नको म्हणलं व्हतं, एवढं ध्यानात असू द्या."

बसलो कसला! मी त्या रिमवर बसतच नव्हतो. माझ्या पोटाभोवती दोर आवळला, साबणाचं पाणी फासलं, एकदम हवेचा फटका दिला, तेव्हा कुठं माझे काठ दोन बाजूंना ओढले जाऊन रिमला टेकले. बगला तिरक्या झाल्या. रिमची धार माझ्या बाहेर उघडी पडली. सांडूनं तीनदा हवा तपासली, तीनदा कपाळाला हात लावला. मग पूजा झाली. काकांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, खाली नऊचा आकडाही काढला, आणि आम्हा चौघांच्या खाली एकेक लिंबू ठेवलं. लिंबांवरून गेलो. फच्च! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या गोष्टीनं जीव वाचतो ती सांगणारा माणूस भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढचे तीन महिने मी नुसता मिरवला गेलो. कॉफीच्या दुकानासमोर गाडी तिरकी उभी करायची, पोरांनी वाकून माझे फोटो काढायचे, "काय लूक आहे राव!" म्हणायचं. लूक! माझ्या काठांची आग होत होती आणि यांना लूक दिसत होता. गतिरोधकावर मागं कुणी बसलं असलं की मी पत्र्याला खर्रकन घासायचो. देवेशला ते ऐकू यायचं. चांगलं ऐकू यायचं. तो गाण्याचा आवाज वाढवायचा. काका म्हणायचे, "नवीन आहे, बसेल हळूहळू." अहो काका, तीन महिन्यांत मी बसलो नाही, आता काय बसणार, कपाळ!

आणखी एक झालं. काकांची माणसं दुकानात यायला लागली. कुणाची बेरीज सहा, कुणाची तीन. मोतीरामशेठनी भिंतीवर एक तक्ताच लावला, कुठल्या मापाची बेरीज किती ते दाखवणारा. धंदा दुप्पट झाला. सांडू त्या तक्त्याकडं पाठ करून काम करायचा.

मे महिना आला. पुंडलिकनगरात नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं, ते पण तासभर. टँकरसाठी बायका दोन दोन तास ताटकळायच्या. देवेशच्या ओळखीच्या एका माणसाच्या बोअरला फुलंब्रीच्या अलीकडं थोडं पाणी होतं. मग काय, ही वेगाची, मंगळाची गाडी पाणी वाहायला लागली. डिकीत जार, मागच्या सीटवर जार. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच सांगतो. पाणी वाहण्यात कमीपणा कसला? पण वजन वाढलं की मी पत्र्याला घासत होतो, आणि घासून घासून माझ्या खांद्याची साल निघाली होती. कुणी खाली वाकून बघितलं नाही. एरवी फोटोला वाकणारे!

त्या दुपारी वीस लिटरचे आठ जार भरून आम्ही परत निघालो. देवेश चालवत होता, शेजारी त्याची बायको स्वरदा. रुंदीकरणासाठी तो रस्ता खोदून ठेवलेला होता. अर्धा रस्ता नव्या सिमेंटचा, अर्धा जुना, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर उंचीची पायरी. समोरून ट्रक आला. देवेशनं गाडी डावीकडं घेतली. मागचा डावा मी. पायरीवरून खाली पडलो, वर पत्र्याला आपटलो, आणि त्या ताणलेल्या रिमवरून माझा काठ सुटला. फस्स करून सगळी हवा गेली. मला धरून राहायचं होतं हो! सगळी ताकद लावली. पण धरायला काही होतंच कुठं? रिम मुरमात रुतली, गाडी गर्रकन फिरली आणि मातीच्या ढिगावर जाऊन आदळली.

जार फुटले. पाणी दारांतून वाहायला लागलं. रस्त्यावर काम करणारी माणसं धावत आली, आणि त्यांच्यातली एक बाई ओरडली, "आरं, पाणी चाललं ना सगळं!" आणि स्वरदा, उजवा हात मनगटात लोंबकळत होता तिचा, ती म्हणाली, "अहो, आधी जार उभे करा." मग तिनं स्वतःचा हात पाहिला आणि ती किंचाळली.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी बसवली.

पाचव्या दिवशी मला डिकीत टाकून बाप-लेक दुकानात आले. मला फरशीवर आपटलं. तीच फरशी. 

"आकड्यात चूक नाही," ते म्हणाले. "आकडे शुद्ध होते. चूक हाताची आहे. फिटिंग नीट झालं नाही, म्हणून माझ्या सुनेचा हात गेला. शेठ, हा माणूस दुकानात राहणार असेल तर मी एकही माणूस इकडं पाठवणार नाही."

सांडू पाना हातात घेऊन उभा होता. त्यानं पाना खाली ठेवला. "शेठ, म्या सांगितलं व्हतं. काकांना सांगितलं, त्याच्या आदल्या दिशी साहेबांना मोजून दाखवलं. तुमच्यासमोर बोललो ना मी?"

मोतीरामशेठनी तक्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मला काही आठवत नाही बुवा. गडबडीत होतो." आणि देवेशकडं वळले. "साहेब, तुम्हीच सांगा. यानं तुम्हाला सांगितलं होतं का?"

सगळं त्या एका उत्तरावर होतं. वीस वर्षांची नोकरी, घरातली पाच तोंडं, सांडूच्या हाताचं नाव. एक 'हो' म्हणायचं होतं. मी फरशीवर पडल्या पडल्या देवेशच्या तोंडाकडं बघत होतो. बोल रे बाबा, बोल.

देवेशनं बापाकडं पाहिलं.

"नक्की लक्षात नाही," तो म्हणाला.

थू! चिखल, शेण, गुटखा, सगळं माझ्या अंगावरून गेलंय. पण इतकी घाण मला कधी लागली नव्हती.

आणि पुढं ऐका. तिथंच, त्याच जागी उभं राहून, तो शेठना म्हणाला, "बरं, आता हे काढून टाका सगळं. सतरा इंची द्या. साडेसातची रिम, दोनशे पंचवीस, पंचेचाळीस. उंची कंपनीएवढीच राहते, पत्र्याला लागत नाही."

एक शब्द चुकला नाही त्याचा.

"माप कुणी काढून दिलं, साहेब?" शेठनी विचारलं.

"नेटवर आहे ना सगळं."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "सतरा चोक अडुसष्ट. सहा आणि आठ चौदा. एक आणि चार पाच. बुध. चालेल, चालेल, शांत ग्रह आहे." आठचा शनी कुठल्या कुठं पळाला!

शेठ सांडूला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

 सांडूनं चिंधीनं हात पुसले. मग खाली बसून त्यानं मला उचललं, आतून बाहेरून हात फिरवला, काठ कुठं फाटलाय ते बोटानं चाचपलं आणि मला सावकाश भिंतीला टेकवून ठेवलं. दारापर्यंत गेला. तिथून वळला.

"साहेब, ताईंचा हात कसा हाय आता?"

त्या दुकानात एवढ्या वेळात स्वरदाच्या हाताची चौकशी कुणी केली नव्हती. "प्लास्टर आहे," देवेश पुटपुटला. मान काही वर केली नाही त्यानं.

"जपा," सांडू म्हणाला आणि गेला.

माझे तिघे भाऊ भंगारात गेले. मला शेठनी ठेवून घेतलं, कशासाठी ते ऐका. पेंटर बोलावला, माझ्या बगलेवर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं, "अचूक माप, योग्य सल्ला", आणि दारावर तारेनं टांगलं. गेली कित्येक वर्षं मी तिथं लटकतोय. खालून माणसं वाचतात आणि आत जातात. मी ओरडतो, पण टायरचं कोण ऐकणार? ऊन लागून रबराला चिरा पडल्यात. आता अक्षरंही सोलून निघतील, तेवढीच आशा आहे.

मागं एकदा एक जीपवाला दारात चहा पीत कुणाला तरी सांगत होता. फुलंब्रीच्या रस्त्याला, लिंबाच्या झाडाखाली, सांडू पंक्चर काढायला बसतो. हातपंप आणि पाण्याचं घमेलं, बस्स एवढंच. बोलत नाही फार.

तर माझं एक ऐका. गाडीची चाकं बदलायची असतील तर या दारात थांबू नका. त्या झाडाखाली जा. तो तासभर बसवून ठेवील, ठेवू द्या. नको म्हणाला तर नको. आणि पुढं कुणी तुम्हाला विचारलं, "हे माप कुणी काढून दिलं?" तर चारचौघांत, आपल्या बापासमोरसुद्धा, त्याचं नाव घ्या. सांडू. दोनच अक्षरं आहेत. लक्षात राहतात.